सुखाचे मोजमाप सोडून दिवस कसा आखावा

चवथीच्या, म्हणजे गणेश चतुर्थीच्या रात्री, वाड्यावरच्या घरोघरच्या आरत्या आटोपल्यावर आणि पाहुण्यांची पाने उचलल्यावर, मूळ घराच्या सोप्यावर येऊन टेकलेल्या माणसाच्या मनात कधीकधी एक प्रश्न डोकावतो, आणि तो कोणापाशी बोलून दाखवण्याचा त्याला धीर होत नाही. वर्षभर ज्या दिवसाची वाट पाहिली तो दिवस आला, मुंबईहून आणि आखातातून भावंडे आली, गणपतीवर टांगलेली रानफळांची माटोळी भरगच्च सजली, आरतीला मातीची घुमटवाद्ये घुमली; मग आपल्याला आतून काहीच कसे वाटत नाही? निवृत्तीनंतरच्या दुसऱ्या चवथीला मी स्वतः हा प्रश्न घेऊन असाच बसलो होतो. घर होते, निवृत्तिवेतन होते, मुले मार्गी लागली होती, आणि यापुढे सुखात राहायचे असा निश्चय मी नोकरीच्या शेवटच्या दिवशीच केला होता. त्या निश्चयाचाच या उदासीशी काही संबंध असेल, हे समजायला मला बराच काळ लागला. ज्यांना तक्रार करण्यासारखे फारसे काही नाही, जे सुखी होण्यासाठी मनापासून धडपडतात आणि तरीही उदास राहतात, त्यांच्यासाठी पुढील मजकूर आहे. त्यात जे करायला सांगितले आहे ते सहा आठवड्यांत करून पाहण्यासारखे आहे आणि त्यासाठी एक वही व पेन यांपलीकडे काही लागत नाही.

गोव्यात राहणाऱ्यांची या बाबतीत एक जादा अडचण आहे. जगभरची माणसे आनंद विकत घेण्यासाठी आपल्या दारात येतात, आणि "तुम्ही काय, गोव्यातच राहता, मजाच मजा" हे वाक्य बाहेरगावच्या नातेवाइकांकडून ऐकले नाही असा माणूस येथे विरळाच. 'सुशेगाद' हा शब्द पोर्तुगीज भाषेतून आला; मूळ शब्दाचा अर्थ शांत, निवांत एवढाच. माझ्या लहानपणी घरातली वडीलधारी माणसे कुळागरातले, म्हणजे पोफळीच्या बागेतले काम उरकून, जेवून, दुपारी पडवीत आडवी झाली की तो शब्द वापरत, म्हणजे काम झाल्यानंतरच्या विसाव्याला ते नाव होते. आज तोच शब्द पर्यटनाच्या जाहिरातीत गोमंतकीयाचा स्वभाव म्हणून मिरवतो आणि येथला माणूस उदास झाला तर त्याला आपण गावाच्या नावाला कमीपणा आणतो आहोत असे वाटू लागते. उदासी आधीच असते, तिच्यावर हा अपराधीपणा चढतो.

आधी आजार नाही ना, हे पाहा

सुखाच्या मागे लागल्यामुळे येणारी उदासी वेगळी आणि नैराश्य हा आजार वेगळा. दोन आठवडे किंवा त्याहून अधिक काळ, जवळजवळ रोज, दिवसाचा बहुतेक भाग मन खिन्न राहत असेल किंवा ज्या गोष्टींत पूर्वी गोडी होती त्या सर्वांतली गोडी गेली असेल, आणि त्याबरोबर झोप बिघडणे, भूक मरणे किंवा अवाजवी वाढणे, सतत थकवा, लक्ष न लागणे, आपण निरुपयोगी आहोत असे वाटणे, मरणाचे विचार येणे अशी लक्षणे असतील, तर पुढचे परिच्छेद वाचण्याआधी डॉक्टरांकडे जा. प्राथमिक आरोग्य केंद्रापासून सुरुवात केली तरी चालते; तेथे रक्त तपासून घ्या, कारण थायरॉइडचे काम मंदावले किंवा अंगात रक्त कमी असले तरी माणूस असाच मलूल होतो. बांबोळीची मानसोपचार संस्था १९५७पासून गोमंतकीयांवर उपचार करीत आली आहे आणि तेथे जाणे म्हणजे वेडाचा शिक्का बसणे ही समजूत आता तरी टाकून दिली पाहिजे. मरणाचे विचार मनात घोळत असतील तर डॉक्टरांची वेळ मिळेपर्यंतही थांबू नका, एकटे राहू नका; १४४१६ हा केंद्र सरकारचा टेलि-मानस क्रमांक चोवीस तास चालू असतो आणि त्यासाठी पैसे पडत नाहीत.

ज्यांच्या घरी अलीकडेच कोणी गेले आहे त्यांनीही हा मजकूर बाजूला ठेवावा. शोकाला कोणत्याही उपायाची घाई करायची नसते.

मोजमाप घात कसा करते

इंग्लंडमधील तत्त्वज्ञ जॉन स्टुअर्ट मिल याने १८२६च्या शरद ऋतूत, वयाच्या विसाव्या वर्षी, स्वतःला एक प्रश्न विचारला होता: समाजात ज्या ज्या सुधारणा व्हाव्यात असे मला वाटते त्या सर्व या क्षणी झाल्या, तर मी सुखी होईन का? मनाने 'नाही' असे उत्तर दिले आणि तो कित्येक महिने खोल उदासीत गेला. त्यातून बाहेर आल्यावर त्याने जो निष्कर्ष काढला तो असा, की सुखाला थेट ध्येय केले तर ते हाती लागत नाही, आणि मन दुसऱ्या कशात तरी, म्हणजे इतरांच्या भल्यात, एखाद्या कलेत, एखाद्या कामात गुंतले असताना ते वाटेत भेटते.

हा एका माणसाचा अनुभव झाला. पुढे मानसशास्त्रज्ञांनी तो तपासून पाहिला. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या, आयरिस मॉस आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या प्रयोगात काही स्त्रियांना सुखाचे महत्त्व वर्णन करणारा लेख वाचायला दिला, इतर स्त्रियांना तसा लेख दिला नाही, आणि नंतर आनंददायक चित्रफीत दाखवली. लेख वाचून आलेल्या स्त्रियांना ती चित्रफीत पाहून कमी आनंद झाला, कारण जेवढे वाटायला हवे तेवढे आपल्याला वाटत नाही याची त्यांना खंत वाटली. त्याच संशोधनातील दुसरी गोष्ट मला अधिक महत्त्वाची वाटते. सुखाला फार मोल देणाऱ्या स्त्रिया अधिक असमाधानी आढळल्या त्या आयुष्यात ताण कमी असलेल्यांमध्ये. ज्याच्यामागे खरी विवंचना आहे तो म्हणू शकतो, की अडचणीमुळे मी उदास आहे. ज्याचे सगळे ठीक चालले आहे त्याला बोट दाखवायला स्वतःशिवाय कोणी उरत नाही. निवृत्तीनंतरच्या चवथीला माझे नेमके हेच झाले होते.

२००३ सालच्या आणखी एका प्रयोगात लोकांना संगीत ऐकवले. काहींना नुसते ऐकायला सांगितले, काहींना ऐकताना स्वतःला आनंदी करण्याचा प्रयत्न करायला सांगितले, आणि काहींना आपल्याला किती आनंद होतो आहे यावर लक्ष ठेवायला सांगितले. नुसते ऐकणारे बरे ठरले. त्याच संशोधकांनी १९९९च्या ३१ डिसेंबरच्या रात्रीविषयीही लोकांना विचारले होते, आणि ज्यांनी त्या रात्रीसाठी सर्वांत मोठी अपेक्षा व सर्वांत मोठी तयारी केली होती त्यांच्याच पदरी अधिक निराशा आली. कळंगुट आणि बागा येथे ३१ डिसेंबरची रात्र ज्याने पाहिली आहे त्याला या निष्कर्षाचे नवल वाटणार नाही.

यामागचे कारण घुमट वाजवणाऱ्याच्या हातात दिसते. आरतीची लय चढत जाते तेव्हा वादकाचे कान शामेळ या साथीच्या वाद्याकडे आणि झांजेकडे असतात. त्याने मध्येच कान स्वतःकडे वळवले आणि आपण रंगलो आहोत का हे तपासले, तर हात एका मात्रेने मागे पडतो, लय हुकते, आणि ज्या रंगण्याची तो चौकशी करीत होता तेच संपते. लक्ष एकाच ठिकाणी राहू शकते. ते आरतीवर असेल तर आनंद आरतीतून येतो. ते आनंदावर असेल तर आरती हातातून निसटते आणि तिच्याबरोबर आनंदही. काखेत कळसा आणि गावाला वळसा या म्हणीत कळसा निदान काखेतच राहतो. येथे शोधण्याच्या धडपडीत तो खाली पडून फुटतो.

पहिला आठवडा: प्रश्नाची वेळ ठरवा

'मी सुखी आहे का' हा प्रश्न मनातून हद्दपार करता येत नाही, आणि तसा प्रयत्नही करू नये. पांढऱ्या अस्वलाचा विचार करू नका असे सांगितलेल्या माणसांना तेच अस्वल वारंवार आठवले, हे १९८७च्या एका प्रयोगाने दाखवून दिले आहे. म्हणून प्रश्नाला बंदी घालण्याऐवजी त्याला वेळ नेमून द्या. रात्री जेवणानंतर दहा मिनिटे वही घेऊन बसा आणि दिवसाबद्दल जे विचारायचे ते तेव्हा विचारा. दिवसा, विशेषतः एखादी चांगली गोष्ट चालू असताना, प्रश्न आलाच तर मनात एवढेच म्हणा, "मोजमाप सुरू झाले, रात्री पाहू," आणि लक्ष समोरच्या वस्तूतल्या एखाद्या बारीक तपशिलावर न्या. जेवत असाल तर बांगड्याच्या हुमणातल्या, म्हणजे आमटीतल्या तेफळाचा वास, भजनात असाल तर पखवाजाचा ठेका, मिरामारच्या किनाऱ्यावर असाल तर ओहोटीनंतर वाळूवर उरलेल्या खुणा. तपशील जितका बारीक, तितके मन लवकर परत येते.

मोबाइलविषयी एक स्वतंत्र सूचना. समारंभात पहिल्या पाच मिनिटांत हवी तेवढी छायाचित्रे घ्या आणि मग मोबाइल कपाटात ठेवा. छायाचित्र काढणे वाईट नाही. पण ते पाठवल्यावर कोणी काय म्हणाले हे दर थोड्या वेळाने पाहणे म्हणजे स्वतःच्या आनंदाचे मोजमाप परक्यांकडून करून घेणे होय, आणि त्या वेळेपुरते आपण जेथे बसलो आहोत तेथे नसतो.

दुसरा आठवडा: उदासीला तिचे खरे नाव द्या

या आठवड्यावर मी अधिक वेळ घालवायला सांगेन, कारण मला स्वतःला सर्वांत जास्त उपयोग याचा झाला. आपण "बरे वाटत नाही" किंवा "मूड नाही" असे म्हणून मोकळे होतो. आपल्या भाषेत मात्र या एका ढगाखाली किती निरनिराळ्या गोष्टी आहेत आणि प्रत्येकीला कसा नेमका शब्द आहे, हे शांतपणे पाहिले तर चकित व्हायला होते. उदासी वाटेल तेव्हा वहीत त्या क्षणाची वेळ लिहा आणि नेमका शब्द शोधा.

हुरहूर म्हणजे दूर असलेल्या कोणासाठी किंवा निघून गेलेल्या काळासाठी लागलेली ओढ. तिला इलाज हवा असेल तर फोन करावा, पत्र लिहावे, किंवा ज्या घराची आठवण येते त्या घरी एक दिवस जाऊन यावे; आणि माणूस या जगात नसेल तर हुरहूर ही प्रेमाचीच एक बाजू आहे असे समजून ती राहू द्यावी. रुखरुख वेगळी. करायचे राहून गेले, बोलायला नको होते ते बोलले गेले, भावाशी जमिनीच्या वाटणीवरून झालेला अबोला मिटवला नाही, याची ती टोचणी असते, आणि ती समुद्रावर फिरायला जाऊन जात नाही. तिला त्या राहिलेल्या कामाचा पहिला लहान भाग लागतो, मग तो "येत्या रविवारी येऊन जाऊ का?" एवढा निरोप का असेना. कंटाळा हा रिकामेपणाचा असतो तसा अतिपरिचयाचाही असतो. पहिल्याला काम लागते आणि दुसऱ्याला बदल, म्हणून दोन्हींवर एकच औषध चालत नाही. विषण्णता जगाकडे पाहून येते. लहानपणी ज्या डोंगरावर करवंदे काढली तो डोंगर कापलेला दिसतो, ज्या शेतात पावसाळ्यात पाणी तुंबत असे तेथे इमारत उभी राहते, आणि मन खाली बसते. गोव्यातल्या माझ्या पिढीच्या अनेकांची उदासी या जातीची आहे असे मला वाटते. तिला खासगी सुखाचा उतारा देणे चुकीचे आहे. ग्रामसभेत जाऊन बसणे हा तिचा मार्ग. हेवा हा शब्द लिहिताना हात अडखळतो, पण लिहावा. शेजाऱ्याचा मुलगा परदेशी गेला, त्यांच्या घराची छायाचित्रे आली, आणि तुमची संध्याकाळ काळवंडली, तर त्या हेव्यातून तुम्हाला नेमके काय हवे आहे हे कळते. पुष्कळदा ते परदेश नसतेच. आपल्या मुलाने आपल्याशी अर्धा तास निवांत बोलावे, एवढेच हवे असते.

शिणवटा मात्र उदासीचे सोंग घेऊन येण्यात पटाईत आहे. रात्री अकरानंतर आलेल्या कोणत्याही उदासीला वहीत 'शीण' असेच लिहा आणि झोपा. सकाळी उरली तर दुसरे नाव शोधा.

नाव दिल्यावर लगेच उपाय केलाच पाहिजे असे नाही. उदास आहे म्हणून स्वतःवर चिडणे, ही दुसरी उदासी आपण स्वतः निर्माण करतो आणि पहिलीपेक्षा तीच जास्त दिवस टिकते. आपल्या अप्रिय भावना दोष न देता स्वीकारणाऱ्या माणसांना त्या भावनांचा त्रास कमी होतो, असे मानसशास्त्रातील अलीकडच्या अभ्यासांत दिसून आले आहे. पाहुणा आला, त्याला बसायला पाट दिला, आणि आपण आपल्या कामाला लागलो, इतक्या सहजपणे उदासीला घरात वावरू द्यावे.

तिसरा आणि चौथा आठवडा: आधी कृती, मग मन

बरे वाटले की कामाला लागू, असे आपण म्हणतो. क्रम उलटा आहे, आणि तो उलटा आहे याचा एक भक्कम पुरावा गोव्यातच तयार झाला. संगत या १९९६ साली स्थापन झालेल्या गोव्यातील संस्थेच्या पुढाकाराने येथल्या दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत एक चाचणी झाली. तिचे निष्कर्ष २०१७ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आले. बऱ्याच तीव्र नैराश्याचे ४९५ रुग्ण त्यात होते. त्यांपैकी निम्म्यांना नेहमीच्या उपचारांबरोबर सहा ते आठ भेटी दिल्या गेल्या, आणि त्या भेटी घेणारे समुपदेशक मानसोपचारतज्ज्ञ नव्हते, तर प्रशिक्षण दिलेली सामान्य माणसे होती. त्या भेटींचा गाभा हाच होता, की मनाची वाट न पाहता, पूर्वी अर्थपूर्ण वाटणाऱ्या लहान लहान कृती ठरवून पुन्हा सुरू करायच्या. तीन महिन्यांनी या गटातील सुमारे ६४ टक्के रुग्ण नैराश्याच्या रेषेखाली आले होते. केवळ नेहमीचे उपचार मिळालेल्यांत हे प्रमाण सुमारे ३९ टक्के होते. आजारी माणसांना जे उपयोगी पडते ते आपल्यासारख्या नुसत्या उदासांनी करू नये असे काही कारण नाही.

कृती निवडताना 'मला कशाने सुख होईल' असे विचारू नका, कारण तो जुनाच प्रश्न वेष पालटून येतो. त्याऐवजी वहीच्या एका पानावर अशा दहा गोष्टी लिहा, ज्या करताना पूर्वी वेळेचे भान राहत नसे. माझ्या पानावर चवथीआधी रानात जाऊन माटोळीसाठी कवंडळे आणि घागऱ्या शोधणे होते, पाटात साचलेली पाने काढून पोफळींना पाणी सोडणे होते, आणि म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात सकाळी लवकर जाऊन काहीही न घेता हिंडणे होते. माटोळीच्या बाबतीत मला एक गोष्ट उशिरा ध्यानात आली. चवथीच्या रात्री मला काहीच वाटले नव्हते हे खरे, पण त्याआधीच्या तीन दिवसांत पुतण्यांबरोबर चिखलात पाय भरवून रान तुडवताना मी सुखी होतो; तेव्हा मला कोणी विचारले नव्हते आणि मीही विचारले नव्हते, म्हणून ते हिशेबात धरले गेले नाही. दोन वर्षांपासून ते सामान मी बाजारातून विकत आणू लागलो होतो, दगदग वाचावी म्हणून. त्या चवथीला पुतण्यांनी आग्रह केला म्हणून गेलो, एवढेच.

दहांपैकी दोन गोष्टी निवडा आणि त्या इतक्या लहान करा की नाही म्हणायला लाज वाटावी. 'रोज तासभर चालणे' असे न लिहिता 'मंगळवारी संध्याकाळी साडेपाचला तळ्यापर्यंत जाऊन येणे' असे लिहा. दिवस, वेळ आणि ठिकाण यांशिवाय लिहिलेली कृती ही इच्छा असते. मन नसले तरी ती करा. करून आल्यावर वहीत, करण्यापूर्वी कसे वाटत होते आणि नंतर कसे वाटते, हे एकेका शब्दात लिहा. पहिल्या तीन-चार वेळा फरक दिसणार नाही. मला तर पाटातली पाने काढताना पहिल्या दिवशी नुसती पाठ दुखल्याचे आठवते. तरीही दोन आठवडे सोडू नका. अजिबात जमले नाही तर कृती आणखी निम्मी करा, आणि स्वतःला आळशी म्हणू नका.

वाचनाची आवड असेल तर पणजीच्या पाटो भागातील मध्यवर्ती ग्रंथालयात आठवड्यातली एक सकाळ ठरवून घाला. १८३२ साली सुरू झालेल्या या ग्रंथालयात नुसते चार तास बसून वर्तमानपत्रे आणि मासिके चाळणारी कितीतरी माणसे भेटतात आणि कोणी कोणाला सुखाविषयी विचारीत नाही.

पाचवा आठवडा: आपली उणीव भासेल अशी जागा शोधा

सुखाच्या मागे लागल्याने माणूस दुःखी होतो हा नियम सर्वत्र सारखा लागू पडत नाही. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अमेरिका, जर्मनी, रशिया आणि पूर्व आशिया येथील लोकांची तुलना केली होती. सुखासाठी धडपडणारे अमेरिकेत कमी समाधानी होते, जर्मनीत काही फरक नव्हता, आणि रशियात व पूर्व आशियात मात्र ते अधिक समाधानी होते. संशोधकांना याचे कारण असे दिसले, की त्या देशांत सुख मिळवणे याचा अर्थ माणसांत मिसळणे, इतरांसाठी काही करणे असा घेतला जातो. म्हणजे पाठलाग एकट्याने, आरशासमोर केला तर घातक आणि चारचौघांत केला तर नाही. २००८च्या एका प्रयोगात सकाळी लोकांना पाच किंवा वीस डॉलर देऊन संध्याकाळपर्यंत खर्च करायला सांगितले होते. ज्यांना ते दुसऱ्यासाठी खर्च करायचे होते ते संध्याकाळी अधिक आनंदी होते, मग रक्कम पाच असो वा वीस.

आपल्याकडे यासाठी नवे काही उभारावे लागत नाही. वास्कोच्या दामोदर सप्ताहात चोवीस तास भजन अखंड चालते, आणि ते अखंड राहते ते पहाटे तीन वाजताही कोणीतरी टाळ हातात घेऊन उभे राहते म्हणून. पहाटे तीनला टाळ धरलेल्या माणसाला आपण सुखी आहोत का हे पाहायला सवड नसते. आपला आवाज थांबला तर खंड पडेल, एवढेच त्याला ठाऊक असते. हीच गोष्ट जत्रेतल्या नाटकाची. देवळासमोरच्या मंडपात मराठी नाटक उभे करणाऱ्या गावोगावच्या हौशी मंडळींत नट फार थोडे असतात. पडदा ओढणारा, पडद्यामागून संवाद सांगणारा, भाड्याचे कपडे आणणारा, तालमीच्या रात्री चहा करणारा, अशी कितीतरी माणसे लागतात.

या आठवड्यात अशी एक जागा धरा. निवडीची कसोटी एकच ठेवा: तुम्ही गेला नाहीत तर तुमची उणीव कोणाला तरी भासेल का? प्रेक्षक म्हणून गेलात तर भासणार नाही. तालमीला हजेरी, ग्रंथालयासाठी पुस्तकांना पुठ्ठे घालणे, शेजारच्या म्हातारीला दर गुरुवारी दवाखान्यात नेणे, यांत भासेल. संस्थेचा पदाधिकारी होण्याची घाई मात्र करू नका. पदाबरोबर पुन्हा मोजमाप येते.

सहावा आठवडा: गोडी परत येऊ द्या

जे मिळते त्याची सवय होते, ही या सगळ्यातली जुनी आणि हट्टी अडचण आहे. १९७८च्या एका प्रसिद्ध अभ्यासात अमेरिकेतील लॉटरी जिंकलेल्या २२ जणांची इतरांशी तुलना केली तेव्हा ते फारसे अधिक सुखी आढळले नाहीत. उलट मित्राशी बोलणे किंवा सकाळची न्याहारी अशा रोजच्या गोष्टींतली त्यांची गोडी इतरांहून कमी झाली होती.

सवयीवरचा उपाय आपल्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. श्रावण पाळणाऱ्या घरात महिनाभर आणि पुढे चवथ होईपर्यंत मासळी शिजत नाही. चवथीनंतर जेव्हा पहिल्यांदा हुमणाचा वास घरात दरवळतो, तेव्हा रोज मासळी खाणाऱ्या माणसालाही ती नव्याने भेटते. व्रत म्हणून पाळा किंवा पाळू नका, पण यातली युक्ती घेण्यासारखी आहे. ज्या गोष्टीची गोडी गेली असे वाटते ती कायमची टाकू नका आणि तिच्यात भरही घालू नका. तीन आठवडे बाजूला ठेवा, मग ते या सहा आठवड्यांच्या पुढे गेले तरी चालेल. संध्याकाळची मालिका, मोबाइलवरच्या चित्रफिती, रोजची भजी, दर रविवारचे बाहेरचे जेवण, यांपैकी एक निवडा. मोकळ्या झालेल्या वेळात दुसरे सुख आणून बसवू नका. तो वेळ तसाच रिकामा राहू द्या.

वही कधी मिटायची

सहा आठवडे संपल्यावर एका बैठकीत वही सुरुवातीपासून वाचा. चांगल्या आणि वाईट दिवसांची बेरीज करू नका. कोणत्या कृतीनंतरचा शब्द आधीच्या शब्दापेक्षा वारंवार वेगळा निघाला आहे, उदासीचे कोणते नाव पुन्हा पुन्हा आले आहे आणि कोणत्या माणसाच्या सहवासात काहीही लिहायला सुचले नाही, एवढेच पाहा. माझ्या वहीत तालमीच्या रात्रींची पाने जवळजवळ कोरी होती, कारण घरी परतेपर्यंत बारा वाजत आणि लिहायचे राहून जाई. 'रुखरुख' हा शब्द मात्र तेरा वेळा आला होता, आणि तेराही वेळा तो एकाच माणसाविषयी होता. त्याला मी दुसऱ्या दिवशी फोन केला.

त्यातल्या दोन-तीन गोष्टी भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून घ्या आणि वही मिटून ठेवा. ती पुढे चालू ठेवण्याचा मोह होईल, कारण तिचा उपयोग झालेला असतो. पण रोज रात्री मनाचा हिशेब लिहिण्याची सवय लागली तर दिवसा ज्या प्रश्नाला बाहेर थांबवले होते तोच वहीच्या दाराने आत येतो. पुन्हा कधी मन फार गढूळ झाले तर दोन आठवड्यांपुरती ती काढता येईल. मी माझी वही माटोळीच्या चौकटीबरोबर माळ्यावर ठेवली आहे, आणि चौकट वर्षातून एकदा खाली येते तेव्हा वही तेथेच राहते.